मॉरिशसमध्ये ३० टक्के जमीन राखायची, तर तिथली खुरपणी कोण करणार?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: आपण नगरनियोजनाच्या विद्यार्थिनी आहात, प्रबंधासाठी मॉरिशस हा देश निवडला आहे आणि २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यातील ‘२०३० पर्यंत ३० टक्के’ जमीन व समुद्र राखण्याचे उद्दिष्ट ऊस, हॉटेले आणि वस्ती यांनी व्यापलेल्या एवढ्याशा देशात कसे बसवायचे, असे विचारले आहे. शिवाय आराखड्याची सुरुवात नकाशापासून करावी की कायद्यापासून, हेही आपणास हवे आहे. हिंदी महासागरातील बेटांवरील संरक्षित क्षेत्रांच्या नियोजनाशी माझा कामानिमित्त दीर्घकाळ संबंध आला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम उद्दिष्टाविषयी. तीस टक्क्यांचे हे उद्दिष्ट साऱ्या जगासाठी मिळून आहे. प्रत्येक देशाने आपल्या जमिनीचे नेमके तीस टक्के राखलेच पाहिजेत, असे बंधन त्यात नाही. मॉरिशसच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. त्याचे तीस टक्के म्हणजे जवळजवळ ५६,००० हेक्टर. लागवडीची पाइन झाडे, हरणांची कुरणे, पेरूच्या जाळ्या असे सगळे मोजले तरी बेटावरील एकूण वनक्षेत्र सुमारे ४७,००० हेक्टरच भरते, आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक खासगी मालकीचे आहे. चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य तर बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. म्हणजे उद्या सरकारने बेटावरचे एकूण एक झाड राखीव केले, तरी आकडा गाठला जात नाही, आणि आकडा गाठण्यासाठी जे राखले जाईल त्यातल्या बहुतेक जागेत राखण्याजोगे फारसे काही नसेल. हा हिशेब प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मांडा; पुढचे बरेच वाद आपोआप मिटतील.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे सह्याद्रीत कुऱ्हाड आणि गुरे बंद केली की जंगल बऱ्याच अंशी स्वतःहून सावरते, आणि त्या अनुभवामुळे आपण कुंपण, चौकी व अधिसूचना यांनाच संरक्षण समजतो. महासागरी बेटावर हे गृहीतक चालत नाही, कारण तिथे शत्रू हद्दीच्या आतच राहतो. डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून आणलेली रुसा हरणे, तसेच रानडुकरे, माकडे, उंदीर आणि उंदरांवर उपाय म्हणून १९०० च्या सुमारास सोडलेले मुंगूस हे सगळे अरण्यातच वावरतात. त्याहून चिवट म्हणजे लाल फळांचा पेरू, ज्याला तिथे चिनी पेरू म्हणतात. त्याच्या काड्या इतक्या दाट उभ्या राहतात की खाली मूळ झाडाचे एकही रोप तग धरत नाही. शेकडो वर्षांचे आबनुसाचे झाड वर डोलत असते, पण त्याच्या खाली त्याची पुढची पिढी नसते. अशा अरण्याला केवळ हद्द आखून दिली, तर ते कायद्याच्या संरक्षणाखाली सावकाश मरते.

म्हणून आपल्या ‘नकाशा की कायदा’ या प्रश्नावर माझे उत्तर असे आहे की दोन्हींच्या आधी एक कोष्टक करावे: राखायच्या प्रत्येक तुकड्यात पुढची तीस वर्षे कोण काम करणार, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या कराराखाली. ज्या तुकड्यासमोर ही तीन घरे भरता येतात तो आराखड्यात घ्यावा. ज्याच्यासमोर ती रिकामी राहतात तो नकाशावर कितीही हिरवा दिसला, तरी सध्या बाजूला ठेवावा.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाकडे पाहिले की हे स्पष्ट होते. १९९४ मध्ये जाहीर झालेले हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान ६,५७४ हेक्टरांचे, म्हणजे बेटाच्या सुमारे साडेतीन टक्के आहे. पर्यटकाला दरीच्या काठावरून सर्वत्र सारखेच घनदाट हिरवे दिसते. पण त्यातला बराच भाग पेरू, प्रिव्हेटची झुडपे आणि मादागास्करहून आलेली केळीसारखी रावेनाला यांनी भरलेला आहे. ज्याला मनापासून अरण्य म्हणता येईल, ते मुख्यतः काही कुंपणबंद तुकड्यांत आहे. ब्रिझ फेर, मार लाँग, पेत्रँ अशा ठिकाणी हरणे आणि डुकरे बाहेर ठेवणारे कुंपण घालून आतले परके रान हाताने काढले जाते. या तुकड्यांना तिथे संवर्धन व्यवस्थापन क्षेत्रे म्हणतात. पहिली खुरपणी महाग पडते. नंतरच्या फेऱ्या स्वस्त असतात, पण त्या चुकवता येत नाहीत, कारण मातीतले पेरूचे बी वाटच पाहत असते आणि दोन-तीन हंगाम हयगय झाली की पहिल्या फेरीचा खर्च पाण्यात जातो. माकडे आणि उंदीर यांना तर ते कुंपणही अडवत नाही. त्यांच्यासाठी पिंजरे आणि विषप्रयोग वेगळे चालू ठेवावे लागतात. तेव्हा अंदाजपत्रकात ‘कुंपण बांधणे’ ही भांडवली बाब आहे का, एवढे पाहून थांबू नका; ‘खुरपणी, दरवर्षी’ ही महसुली बाब आहे का ते पाहा. परदेशी अनुदाने पहिल्या बाबीसाठी सहज मिळतात आणि प्रकल्पाची मुदत संपली की दुसरीसाठी कोणी उरत नाही. छोट्या देशांच्या संवर्धनात मला सर्वाधिक वेळा दिसलेला दोष हाच आहे.

या बेटाने तुकड्यातुकड्याने काम करून काय साधता येते, हेही दाखवले आहे. मॉरिशसच्या केस्ट्रेल या लहान ससाण्याचे १९७४ मध्ये निसर्गात फक्त चार पक्षी माहीत होते. गुलाबी कबुतरे १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरली होती. आज दोन्ही जाती टिकून आहेत. त्यामागे पक्षिसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले अंडी उबवणे, पिल्ले वाढवणे, घरटी बसवणे, पूरक खाद्य देणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. राउंड आयलंड या २१९ हेक्टरांच्या बेटावरील शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये हटवले गेले, तेव्हा कुठे तिथल्या पाम वृक्षांची रोपे पुन्हा उभी राहू लागली. ते बेट १९५७ पासूनच राखीव होते. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे अधिसूचना लागू होती आणि सशांनी ती वाचलेली नव्हती!

कारभाराच्या दृष्टीने मला सर्वांत उपयुक्त वाटणारे उदाहरण इल ओ एग्रेत या २६ हेक्टरांच्या बेटाचे आहे. जमीन सरकारची आहे आणि १९६५ पासून ती निसर्ग राखीव क्षेत्र आहे, परंतु प्रत्यक्ष व्यवस्थापन मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था भाडेपट्ट्यावर करते. उंदीर काढले, रान साफ केले, किनारी आबनुसाचे अरण्य पुन्हा लावले, गुलाबी कबुतरे सोडली, आणि नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी सेशेल्समधील अल्दाब्रा बेटाची महाकाय कासवे आणली, जी फळे खाऊन आबनुसाचे बी पसरवतात. मार्गदर्शकासह होणाऱ्या सहलींतून काही खर्चही निघतो. मालकी सरकारची, काम संस्थेचे आणि उत्पन्न त्याच जागेवर खर्च, अशी ही रचना आहे. तरीही ती सर्वत्र लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. जिथे सक्षम संस्था एकच असते, तिथे सगळे तुकडे तिच्याच गळ्यात पडतात, आणि तिच्या निधीला ओहोटी लागली की सगळेच एकदम धोक्यात येतात. शिवाय भाडेपट्ट्याची मुदत झाडाच्या वयाशी जुळत नाही. आबनुसाचे रोप सावलीचे झाड होईपर्यंत करार कितीदा नव्याने करावा लागेल, याचा विचार मूळ करारातच असावा लागतो.

आता खासगी जमीन. मूळ अरण्याचे कित्येक मोलाचे अवशेष जुन्या साखर इस्टेटींच्या डोंगरउतारांवर आहेत. १९८३ च्या वन व राखीव क्षेत्र कायद्याने डोंगरमाथे आणि नदीकाठ यांवर ‘पर्वत राखीव’ व ‘नदी राखीव’ असे निर्बंध आहेत, परंतु ते तोडीला मनाई करतात. खुरपणी करण्याची सक्ती ते करत नाहीत आणि करूही शकत नाहीत. बराचसा भाग हरणांच्या शिकारीसाठी व पैदाशीसाठी वापरला जातो, आणि हरणांची दाटी व अरण्याचे पुनरुज्जीवन ही एका जागी नांदत नाहीत. युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव २००६ ते २००९ या काळात ३६ टक्क्यांनी उतरवल्यानंतर इस्टेटींना उसाबाहेरच्या उत्पन्नाची निकड लागली, आणि परदेशी ग्राहकांसाठी बंगल्यांच्या वसाहती हा सर्वांत सोपा मार्ग ठरला. म्हणजे खासगी मालकापुढे संवर्धनाशी स्पर्धा करणारा पर्याय ऊस हा नसून बंगला आहे. हे लक्षात न घेता ‘मालकांना प्रोत्साहन द्यावे’ असे लिहिणाऱ्या अहवालांना फारसा अर्थ नसतो.

मग काय करावे? परिस्थितीनुसार उत्तर बदलते. दक्षिण-पूर्वेकडील फेर्ने खोऱ्यातून महामार्ग जाणार होता. तिथे अतिदुर्मीळ वनस्पती सापडल्यावर आणि लोकांनी विरोध केल्यावर तो बेत मागे पडला, आणि २००६ मध्ये विश्वस्त संस्था स्थापून सुमारे २०० हेक्टरांवर संवर्धन व पर्यटन सुरू झाले. तिथे मालक मोठा होता, जागा रस्त्याजवळ होती आणि प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलेले होते. चढणीवरच्या, वाट नसलेल्या वीस हेक्टरांच्या तुकड्यावर पर्यटक येणार नाहीत. तिथे करसवलत, सरकारी मजुरांची टोळी किंवा जमिनीची अदलाबदल यांपैकी काहीतरी द्यावे लागेल. विकासाची परवानगी देताना त्याच इस्टेटीवरील अरण्याच्या देखभालीची अट घालणे हा मला त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय वाटतो, परंतु अट पाळली जाते की नाही हे दहाव्या वर्षी तपासणारा अधिकारी नेमलेला असेल, तरच. ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शिक्का न मारता प्रत्यक्षात जैवविविधता टिकवणाऱ्या अशा जागाही जागतिक उद्दिष्टात मोजता येतात, हे मालकाला पटवताना फार कामी येते, कारण त्याला भीती शिक्क्याची असते.

किनाऱ्यावर प्रश्न मालकीचा नसून खात्यांचा आहे. भरतीरेषेपासून आत किमान ८१.२१ मीटर रुंदीचा पट्टा, ज्याला ‘पा जिओमेत्रिक’ म्हणतात, तो फ्रेंच काळापासून सरकारी आहे. परंतु त्यावर हॉटेले आणि बंगले भाडेपट्ट्याने उभे आहेत आणि ते पट्टे देणारे खाते जमिनीचे आहे. पट्ट्यापुढचा उथळ समुद्र मत्स्यखात्याकडे, किनाऱ्यामागची पाणथळ जागा कधी पर्यावरण खात्याच्या नजरेखाली, कधी कोणाच्याच नाही, आणि वरच्या उतारावरचे वन आणखी निराळ्या विभागाकडे. आपल्याकडच्या वाड्यातल्या सामाईक जिन्याचे जे होते तेच इथे होते: खोल्या प्रत्येकाच्या, जिना सगळ्यांचा, म्हणून झाडू कोणाचाच नाही. ब्लू बे सागरी उद्यान ३५३ हेक्टरांचे आहे, पोहणे, नौका नांगरणे व कडक संरक्षण असे त्याचे विभागही पाडलेले आहेत. पण प्रवाळावर बसणारा गाळ आणि सांडपाणी उद्यानाच्या हद्दीबाहेरून येते, आणि हद्दीबाहेर उद्यानाच्या अधिकाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज दक्षिण-पूर्व किनाऱ्यावरील प्वाँत देस्नीजवळच्या प्रवाळभिंतीवर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे १,००० टन इंधन तेल सांडले. ब्लू बे, इल ओ एग्रेत आणि प्वाँत देस्नीची पाणथळ जागा ही तिन्ही संरक्षित क्षेत्रे तिथेच जवळजवळ आहेत. तेल मुख्यतः उत्तरेकडे गेले, एवढेच ब्लू बेचे नशीब. इल ओ एग्रेतवरून रोपवाटिकेतील दुर्मीळ रोपे आणि काही प्राणी घाईने हलवावे लागले. हजारो नागरिकांनी उसाचे पाचट कापडात भरून तेल अडवणारे तरंगते बांध तयार केले. आराखडा करणाऱ्यासाठी यातून दोन कामे निघतात. कोणतीही दुर्मीळ जात एकाच बेटावर ठेवू नये. तिची दुसरी आणि तिसरी वसाहत दूरच्या बेटावर असावी. आणि संकटाच्या वेळी कोणाचा हुकूम चालेल हे आधीच लिहिलेले असावे, ज्यात स्वयंसेवकांनाही जागा असावी, कारण लोक येणारच आहेत.

लोकांचा विषय निघालाच आहे, तर रॉड्रिग्जकडे वळतो. मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला असलेल्या या बेटाला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक सभा आहे. तिथे प्रवाळाच्या उथळ पठारावर पाण्यात चालत जाऊन भाल्याने ऑक्टोपस पकडतात, आणि या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. साठा घसरू लागल्यावर २०१२ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर दरम्यान दोन महिने ऑक्टोपस पकडणे बंद ठेवण्यात आले. कोकणातील पावसाळी मासेमारी बंदी ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते पुढच्या गोष्टीचे: बंदीच्या काळात मच्छीमारांना किनारा स्वच्छ करण्यासारखी पर्यायी मजुरीची कामे देण्यात आली, आणि बंदी उठल्यावर मोठे ऑक्टोपस हाती येऊ लागल्याने नियम त्यांना आपला वाटला. पुढे मुख्य बेटानेही असाच बंदीकाळ स्वीकारला. माझ्या अनुभवात एकसंध, कायमचे बंद क्षेत्र मागण्याआधी असा थोडक्या मुदतीचा नियम करून दाखवणे नेहमी फायद्याचे ठरते, कारण त्याचा लाभ लोकांना एकाच वर्षात मोजता येतो. मात्र ऑक्टोपस झपाट्याने वाढतो, म्हणून हे जमले. सावकाश वाढणाऱ्या माशांबाबत दोन महिन्यांनी काही साधणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाला चागोस आहे, आणि मॉरिशसवरील कोणताही प्रबंध ते टाळून पुढे जाऊ शकत नाही. ब्रिटनच्या ताब्यात राहिलेल्या आणि मॉरिशस ज्यावर हक्क सांगत आला त्या या द्वीपसमूहातील रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात हुसकावण्यात आले. १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने त्याभोवती सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटरचे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने असा निर्णय दिला की मॉरिशसचे हक्क विचारात न घेता हे क्षेत्र जाहीर करून ब्रिटनने सागरी कायद्याच्या कराराचा भंग केला. तिथले प्रवाळ उत्तम स्थितीत आहेत, हे खरेच आहे. तरीही त्या प्रकरणामुळे या भागात ‘सागरी संरक्षित क्षेत्र’ म्हटले की अनेकांना आधी बेदखली आठवते, आणि हे ओझे आपल्या आराखड्यालाही वाहावे लागेल.

वटवाघळांचे प्रकरण देशांतर्गत राजकारणाचे आहे. मॉरिशसचे फलाहारी वटवाघूळ मूळ झाडांचे बी पसरवते, आणि लिची-आंब्याच्या हंगामात परसबागांवरही उतरते. मतदारांच्या तक्रारींवरून सरकारने २०१५ पासून त्यांची मोठ्या प्रमाणावर कत्तल केली, त्याच वर्षीच्या नव्या जैवविविधता कायद्यानेच त्याला वाट करून दिली, आणि २०१८ मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ गटात गेली. उद्यानाच्या हद्दीत एकही गोळी न झाडता उद्यानाचे नुकसान होते ते असे. झाडांवर जाळी टाकण्यासाठी अनुदान, फांद्यांची छाटणी यांसारखे उपाय आराखड्याच्या परिशिष्टात न ठेवता मुख्य खर्चात धरावेत, असे माझे ठाम मत आहे.

मराठी वाचक विचारतील म्हणून एक गोष्ट सांगतो. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांचा जुना समाज आहे, गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जन नद्यांत व समुद्रात होते. महाशिवरात्रीला लाखो भाविक राष्ट्रीय उद्यानापासून जवळच असलेल्या गंगा तलावाकडे चालत जातात. नियोजकांच्या कागदांत ही माणसे बहुधा ‘उपद्रव’ या रकान्यात सापडतात. माझा अनुभव असा आहे की शाडूची मूर्ती, निर्माल्याची वेगळी सोय, माकडांना खाऊ न घालणे या गोष्टी मंडळांच्या आणि मंदिरांच्या मार्फत मांडल्या, तर पाटी लावण्यापेक्षा कितीतरी लवकर मार्गी लागतात.

पैशाबाबत शेजाऱ्यांकडे पाहावे. सेशेल्समध्ये सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन ही १९७९ मध्ये स्थापन झालेली विश्वस्त संस्था प्रालँ बेटावरील व्हॅली द मे या पाम अरण्याच्या तिकिटांतून दूरच्या अल्दाब्राचा खर्च भागवण्यास हातभार लावते; जिथे पर्यटक जाऊ शकतो ती जागा, जिथे तो जाऊ शकत नाही तिला पोसते. पॅसिफिकमधील पलाऊने २००३ च्या कायद्याने संरक्षित क्षेत्रांचे जाळे उभारले आणि २००९ पासून परतणाऱ्या परदेशी प्रवाशाकडून हरित शुल्क घेऊन ते जाळ्याकडे वळवले. दोन्हींत समान धोका आहे, तो २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा सर्वांना दिसला. म्हणून तिकिटांच्या जोडीला ज्याचे केवळ व्याज वापरायचे असा राखीव निधी हवा, आणि तो अर्थखात्याच्या सर्वसाधारण तिजोरीत विरघळणार नाही अशी कायदेशीर तजवीज हवी. कायद्याचे काम मला इथे सर्वांत आधी दिसते.

तेव्हा प्रबंधासाठी सारे बेट घेऊ नका. दक्षिण-पूर्व कोपरा घ्या: वर फेर्नेचे डोंगर, मध्ये ऊस, खाली माहेबूर, प्वाँत देस्नीची पाणथळ जागा, ब्लू बे आणि इल ओ एग्रेत. एवढ्याशा भागात खासगी मालक, विश्वस्त संस्था, स्वयंसेवी संस्था, मत्स्यखाते, जमीनखाते, हॉटेले आणि मच्छीमार सगळे भेटतात. प्रत्येकाकडून दोनच कागद मागा: चालू करार किंवा भाडेपट्टा, आणि गेल्या पाच वर्षांचा देखभालीचा खर्च. पहिला बहुधा मिळेल. दुसरा मागितल्यावर कोण तो तयार करून देऊ शकतो आणि कोणाला तो मुळात मांडताच येत नाही, याची नोंद ठेवा, आणि वर सांगितलेले कोष्टक त्या नोंदीवरून भरायला घ्या.